‘इथे’ म्हणजे कुठे?

मे २०२३ मध्ये आम्ही मालवणच्या उत्तरेला असलेल्या आचरा गावी आठ दिवस मुक्कामाला होतो. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आचऱ्याच्या खाडीत किती आत येते आणि त्याप्रमाणे खाडीच्या पाण्याची क्षारता कशी बदलते, हे पाहायचे होते. काम तसे साधे होते. होडीतून ठरलेल्या जागी जायचे, बाटल्यांत पाणी घ्यायचे, मोजमाप करायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन संगणकातल्या तक्त्यात आकडे भरायचे.

आम्ही तिघे होतो. दोघे डोळस आणि तिसरे आमचे तरुण सहकारी, जन्मापासून अंध. आकड्यांचे सगळे विश्लेषण त्यांच्याकडे असते. ते संगणक वापरतात तो ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या आज्ञावलीच्या मदतीने. पडद्यावर जे असेल ते ही आज्ञावली बोलून दाखवते. प्रयोगशाळेत प्रत्येकाचा संगणक वेगळा असल्यामुळे ते काम कसे करतात याकडे आमचे फारसे लक्ष गेले नव्हते. आचऱ्याला मात्र तिघांत मिळून एकच संगणक होता.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणालो, “हा आकडा बघा. इथे काहीतरी चुकले आहे.”

ते मूळचे त्याच बाजूचे. हसून म्हणाले, “हंय म्हणजे खंय ता सांगा, सर.”

आम्हीही हसलो आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यासारखे काही घडले नाही. तक्त्याच्या तळाशी एक रिकामी ओळ पडली होती. ती काढून टाकण्यासाठी ते त्या ओळीवर गेले होते. नेमके त्याच वेळी आम्ही आमच्या सहकाऱ्याला दुसरे काहीतरी दाखवायला माऊस सरकवून वरच्या एका ओळीवर टिचकी मारली. संगणकाने ‘जागा बदलली’ हे बोलून सांगितले असणार, पण आम्ही दोघे मोठ्याने बोलत होतो. त्यांनी कळ दाबली आणि सकाळच्या भरतीची एक संपूर्ण ओळ नाहीशी झाली. आम्हाला ते कळले रात्री जेवण झाल्यावर. वहीत कच्ची नोंद होती म्हणून निभावले. नाहीतर ती भरती काही परत येणार नव्हती.

त्या रात्री आमच्या तोंडून एक वाक्य निघून गेले, “राहू दे, आकडे भरायचे काम उद्यापासून आम्हीच करतो.” चांगल्या हेतूने बोललो, असे आम्हाला वाटले. पण त्याचा अर्थ एवढाच होता की ज्यांचे ते काम, त्यांना त्यातून बाजूला बसवायचे. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारले, “कर्सर कुणी हलवला?”

प्रश्न बरोबर होता. अंध माणसाला दिसत नाही हे आम्हाला माहीत होते. पण तो ज्या साधनाने वाचतो ते साधन कसे चालते, हे आम्हाला माहीत नव्हते. त्यानंतर जे समजून घेतले ते शिक्षक मित्रांसाठी इथे मांडत आहोत, कारण असा प्रसंग आज कोणत्याही वर्गात किंवा शाळेच्या कार्यालयात येऊ शकतो.

पडदा वाचणारा पडद्याकडे पाहत नाही

‘स्क्रीन रीडर’ या नावावरून असे वाटते की ही आज्ञावली माणसासारखी पडद्यावर नजर फिरवते. तसे नाही. तिच्या कामाची रीत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९८०च्या दशकातल्या डॉस प्रणालीच्या संगणकांवर फक्त अक्षरे दिसत. पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरांच्या जागा, म्हणजे एकूण २००० जागा. कोणत्या जागी कोणते अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतीत क्रमाने ठेवलेली असे. ती नोंद उचलायची आणि आवाज निर्माण करणाऱ्या यंत्राकडे पाठवायची, एवढेच काम होते. आय.बी.एम. कंपनीत जिम थॅचर यांनी तयार केलेली ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली १९८६ मध्ये बाजारात आली. अपघातात दृष्टी गेलेले टेड हेंटर यांची ‘जॉज’ ही आज्ञावली १९८९ मध्ये आली.

पुढे खिडक्या, चित्रे आणि माऊस यांचे संगणक आले आणि पंचाईत झाली. आता पडद्यावर अक्षर नसते, रंगीत ठिपक्यांनी काढलेले अक्षराचे चित्र असते. ‘क’चे चित्र आणि झाडाचे चित्र यांत संगणकाच्या दृष्टीने फरक उरला नाही. यावर सुरुवातीला एक युक्ती काढली गेली. एखादी आज्ञावली संगणकाला “या जागी हे अक्षर काढ” असा आदेश देते, तो आदेश मधल्या मध्ये पकडायचा आणि पडद्याची एक प्रतिकृती स्मृतीत वेगळी ठेवायची. विंडोजसाठी १९९५ मध्ये आलेली ‘जॉज’ अशी प्रतिकृती वापरत असे.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसरी सोय आणली. प्रत्येक आज्ञावलीने आपल्या पडद्यावरच्या वस्तूंची ओळख स्वतःच सांगायची. ओळख म्हणजे तीन गोष्टी : वस्तूचे नाव, तिचा प्रकार आणि तिची सध्याची स्थिती. उदाहरणार्थ, “जतन करा, बटण” किंवा “मुलगी, पर्याय, निवडलेला”. या सगळ्या वस्तूंची एक वंशावळच तयार होते. खिडकीच्या पोटात तक्ता, तक्त्याच्या पोटात ओळी, ओळीच्या पोटात चौकटी. आजचे स्क्रीन रीडर मुख्यतः अशी वंशावळ वाचतात. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘एन.व्ही.डी.ए.’ हाही त्यांतलाच. तो विनामूल्य मिळतो आणि त्याच्याबरोबर येणारा ‘ई-स्पीक’ हा आवाज मराठीही वाचतो.

म्हणजे आचऱ्याच्या त्या खोलीत आम्ही तिघे एकाच संगणकापुढे बसलो होतो, पण आमच्यापुढे नकाशे दोन होते. आमचा नकाशा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे असा पसरलेला. त्यांचा नकाशा एकापाठोपाठ एक येणाऱ्या नावांचा. आम्ही ज्याला “उजवीकडची लाल चौकट” म्हणत होतो ती त्यांच्या नकाशात “डी १४” होती. ‘उजवीकडे’, ‘लाल’ आणि ‘इथे’ हे तिन्ही शब्द त्यांच्या नकाशात नव्हते.

डोळा आणि कान

डोळ्याला एका क्षणात संपूर्ण तक्ता दिसतो. नेमका आकडा नंतर वाचला जातो, पण तक्ता केवढा आहे आणि कुठे रिकामा आहे हे आधीच कळलेले असते. कानाला असे एकदम काही कळत नाही. आवाज काळात पसरलेला असतो, त्यामुळे एका वेळी एकच आकडा.

यावरून कानाने वाचणारा मागे पडत असेल, असे वाटेल. सरावलेला माणूस ही उणीव दोन प्रकारे भरून काढतो. पहिला प्रकार वेगाचा. नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चालणारा आवाज त्याला सहज समजतो. आमच्या सहकाऱ्यांचा संगणक बोलू लागला की आम्हाला नुसती किरकिर ऐकू येई. म्हणजे आम्हाला जे दिसत होते ते त्यांना दिसत नव्हते आणि त्यांना जे ऐकू येत होते ते आम्हाला समजत नव्हते. अडचण दोन्हीकडे होती. आम्ही मात्र ती एकाच बाजूची समजत होतो.

दुसरा प्रकार उड्या मारण्याचा. लांबलचक मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकत बसण्याची गरज नसते. इंटरनेटवरच्या पानावर एन.व्ही.डी.ए. चालू असताना ‘एच’ ही कळ दाबली की पुढच्या मथळ्यावर जाता येते, ‘टी’ दाबली की पुढच्या तक्त्यावर. पण यासाठी मथळा खरोखरच मथळा म्हणून नोंदवलेला असावा लागतो. आपण पुष्कळदा अक्षरे ठळक आणि मोठी करतो आणि मथळा झाला असे समजतो. डोळ्याला तो मथळा वाटतो, पण संगणकाच्या वंशावळीत ती साधी ओळच राहते आणि ‘एच’ दाबणारा तिच्यावरून पुढे निघून जातो. मजकूर टंकताना ‘मथळा’ ही शैली निवडायला तेवढाच वेळ लागतो.

पुण्याचा एक विद्यार्थी

दिसणे आणि समजणे यांतल्या फरकाचा सखोल विचार केलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक आपल्याकडचे आहेत. टी. व्ही. रमण पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. घरची माणसे त्यांना पुस्तके वाचून दाखवत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि मुंबईच्या आय.आय.टी.त पुढचे शिक्षण घेतले. विद्यार्थी असतानाच त्यांनी ‘काँग्रॅट्स’ नावाची एक आज्ञावली लिहिली होती. आलेखातली वक्ररेषा कानाने ऐकता यावी, हा तिचा उद्देश होता.

पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता गणिताचा मजकूर आवाजात कसा मांडावा. त्यांच्या प्रणालीचे नाव ‘अ‍ॅस्टर’. त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचे नावही तेच.

गणिताचा मजकूर बोलून दाखवण्यात अवघड काय, असा प्रश्न पडेल. वर्गात मोठ्याने म्हणून पाहा : “क्ष अधिक एक भागिले दोन.” क्षची किंमत ३ असेल तर उत्तर किती? निम्मी मुले २ म्हणतील, निम्मी साडेतीन. फळ्यावर लिहिलेले असते तेव्हा भागाकाराची आडवी रेघ किती लांब आहे यावरून आपल्याला कळते की ‘क्ष अधिक एक’ या सगळ्याला दोनाने भागायचे आहे की फक्त एकाला. म्हणजे ती रेघ कंसाचे काम करते. आपण तोंडाने बोलतो तेव्हा रेघेची लांबी बोलत नाही. रमण यांच्या अ‍ॅस्टरने समीकरणाची घडण आधी समजून घेतली आणि मग आवाजाच्या चढउताराने ती व्यक्त केली. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जाई. शिवाय ऐकणाऱ्याला समीकरणाच्या हव्या त्या भागात शिरता येई.

१९९५ मध्ये रमण यांनी ‘इमॅक्सस्पीक’ ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तिच्यामागचा विचार समजावताना त्यांनी दिनदर्शिकेचे उदाहरण दिले आहे. ते आपल्याला घरच्या भिंतीवरच तपासता येईल. ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, तेव्हा आचऱ्याच्या खोलीत भिंतीवर तेच टांगलेले होते यात नवल नाही. दिनदर्शिकेच्या पानावर १५ हा आकडा पाहिला की आपल्याला फक्त १५ कळत नाही. तो कोणत्या वाराच्या ओळीत आहे यावरून वार कळतो, आकडा लाल असेल तर सुट्टी कळते. आता हेच पान एखाद्या साध्या पडदा-वाचकाकडे दिले तर तो म्हणेल, “पंधरा.” आकडा बरोबर, पण वार आणि सुट्टी दोन्ही गायब. वार जागेत दडलेला होता आणि सुट्टी रंगात. रमण यांचे म्हणणे असे की दिनदर्शिकेच्या आज्ञावलीला तो दिवस कोणता आहे हे मुळात माहीत असते. मग पडद्यावरचे चित्र वाचण्याऐवजी तिनेच का बोलू नये? त्यांची आज्ञावली त्या जागी वार, तारीख, महिना आणि वर्ष असे पूर्ण बोलते.

आमच्या तक्त्याचेही असेच झाले होते. आम्ही शंकास्पद आकडे लाल रंगवले होते. ‘भरती’ हा शब्द तीन रकान्यांवर मिळून एकदाच, दिसायला सुबक असा लिहिला होता. आमच्या सहकाऱ्यांना मधल्या रकान्यात नुसता आकडा ऐकू येई. तो भरतीचा की ओहोटीचा, शंकास्पद की पक्का, हे कळायला मार्ग नव्हता. माहिती आम्ही दिली होती, पण ती जागेच्या आणि रंगाच्या भाषेत दिली होती.

मराठीची खास अडचण

मराठी मजकूर असला की आणखी एक गंमत होते. ‘किनारा’ हा शब्द पाहा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग क. पण युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत आधी क येतो, मग वेलांटी. म्हणजे उच्चाराचा क्रम पाळला जातो, चित्राचा नाही. स्क्रीन रीडरने हा शब्द अक्षरशः वाचायला घेतला तर तो क, ऱ्हस्व वेलांटी, न, काना, र, काना अशी सहा चिन्हे सांगतो. “पहिली वेलांटी खोडा,” असे आम्ही म्हणालो की आमचे सहकारी विचारत, “पहिली कशी? ती दुसरी आहे.” दोघांचेही बरोबर होते.

गावाच्या नावानेही आम्हाला फसवले. ‘आचऱ्याला’ या शब्दात र आणि य यांच्या जोडाचे जे आडवे चिन्ह दिसते, ते संगणकात दोन प्रकारे टंकता येते. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ऱ, मग पायमोड, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, पायमोड, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पहिल्या प्रकारात संपूर्ण शब्दाची आठ चिन्हे होतात, दुसऱ्यात नऊ. डोळ्याला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण संगणकात एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. आमच्या टिपणांत तिघांनी दोन्ही प्रकार वापरले होते. “हा शब्द तर समोर दिसतोय,” असे आम्ही म्हणत होतो आणि “शोधल्यावर मिळत नाही,” असे ते म्हणत होते. अक्षर-अक्षर ऐकून फरक त्यांनीच शोधून काढला. आम्हाला तो नुसत्या डोळ्यांनी कधीच सापडला नसता.

याहून मोठी अडचण जुन्या फाँटची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे अनेक फाँट असे बनवलेले असत की आत साठवलेली अक्षरे रोमन लिपीची, फक्त त्यांचे चित्र मराठी अक्षराचे. कागदावर छापण्यापुरते ते ठीक होते. स्क्रीन रीडर मात्र आतली अक्षरे वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला निरर्थक रोमन अक्षरांची माळ ऐकू येते. कितीतरी जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे अशा फाँटमध्ये पडून आहेत. तीच गोष्ट फोटोची. परिपत्रकाचा फोटो काढून तो फोनवर पाठवण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. त्या फोटोत अक्षर नसते, अक्षराचे चित्र असते. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आता पुष्कळ सुधारल्या आहेत, तरी तक्ता, समीकरण किंवा हस्ताक्षर आले की त्या चुकतात. मूळ फाइल हाताशी असताना फोटो पाठवणे म्हणजे लिहिलेले पुसून त्याचे चित्र काढण्यासारखे आहे.

दूरच्या बैठकीत आपण ‘पडदा दाखवतो’ तेव्हाही हेच घडते. पलीकडच्या संगणकावर आपल्या पडद्याचे हलते चित्र पोहोचते, वंशावळ पोहोचत नाही. म्हणून दहा डोळस माणसे तक्ता पाहत चर्चा करत असतात आणि अकराव्याच्या संगणकाकडे बोलण्यासारखे काहीच नसते. उपाय सोपा आहे. फाइल आधी पाठवावी किंवा सगळ्यांनी मिळून लिहिता येईल अशा जागी ठेवावी. मग प्रत्येक जण आपापल्या साधनाने तीच फाइल वाचतो.

एकत्र बसण्याची रीत

आचऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही आकडे भरायचे काम आमच्याकडे घेतले नाही. त्याऐवजी तिघांनी बसून काही नियम ठरवले. ते असे :

एक, बोट दाखवायचे नाही, नाव सांगायचे. “इथे” याऐवजी “डी १४”, “खालचा परिच्छेद” याऐवजी “निष्कर्ष या मथळ्याखालचा दुसरा परिच्छेद”.

दोन, हात लावण्याआधी सांगायचे. संगणकाचे लक्ष एका वेळी एकाच जागी असते. त्याला ‘फोकस’ म्हणतात. कळ दाबली की तिचा परिणाम फोकस असेल तिथे होतो. फोकस कुठे आहे हे अंध माणूस कानाने लक्षात ठेवतो. दुसऱ्याने टिचकी मारली की त्याच्या पायाखालची जागाच बदलते. आमची भरतीची ओळ अशीच गेली होती.

तीन, संगणक बोलत असताना इतरांनी थांबायचे. माणसाला बोलायचे असेल तर संगणकाला गप्प करायचे. कंट्रोल ही कळ दाबली की आवाज थांबतो. एन.व्ही.डी.ए. आणि जॉज दोन्हींत ही सोय आहे.

चार, आवाज दिसू द्यायचा. एन.व्ही.डी.ए.मध्ये बोललेला मजकूर एका छोट्या खिडकीत लिहून दाखवण्याची सोय आहे. फोकस जिथे असेल तिथे रंगीत चौकट दाखवण्याचीही सोय आहे. ती चालू केल्यावर आम्हाला प्रथमच कळू लागले की आमचे सहकारी आत्ता नेमके कुठे आहेत. ही सोय अंधांसाठी नाही. शेजारी बसलेल्या डोळसांसाठी आहे.

पाच, रंगाला शब्दाची जोड द्यायची. लाल रंग ठेवला, पण ‘शंका’ असा एक वेगळा रकानाही केला. प्रत्येक रकान्याला स्वतःचे पूर्ण नाव दिले : ‘भरती, तोंडाजवळ’, ‘भरती, मध्यावर’ वगैरे.

सहावा नियम त्यांनी सुचवला आणि तो आमच्या ध्यानातही आला नसता. ते काम करत असताना त्यांचा पडदा उजळलेला असतो आणि मागे उभा असलेला कोणीही तो वाचू शकतो. स्वतःचे पत्र असो की बँकेचा हिशेब, कोण पाहते आहे हे त्यांना कळत नाही. म्हणून एन.व्ही.डी.ए.मध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे. संगणक बोलत राहतो, पण दिसत काही नाही. ही सोय ते अधूनमधून वापरतात. पडदा काळा दिसला तर संगणक बिघडला असे समजून कळा दाबायच्या नाहीत आणि पडदा उघडा असला तरी विचारल्याशिवाय वाचायचा नाही, हा तो नियम.

हे नियम पाळायला पहिला दिवस जड गेला. दर दोन मिनिटांनी तोंडातून “इथे” निघे. नंतर सवय झाली. पाचव्या दिवशी आमचे सहकारी एक रकाना वरून खाली ऐकत होते आणि एकदम थांबले. “सी १९. पस्तीस म्हणतोय.” समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण ती जागा खाडीत बरीच आत होती आणि वेळ ओहोटीची. वही पाहिली तर तिथे ३.५ होते. भरताना दशांशचिन्ह आमच्याकडून राहिले होते. आम्ही ती ओळ दोनदा डोळ्यांखालून घातली होती. रकान्याला नाव नसते, तर तो आकडा ओहोटीचा आहे हे त्यांना कळले नसते आणि चूक तशीच पुढे गेली असती.

वर्गात करून पाहा

यातले बरेचसे संगणकाशिवायही करून पाहता येते.

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात एक साधी आकृती द्या, समजा वर्तुळात काढलेला त्रिकोण आणि त्याची एक बाजू वर्तुळाबाहेर वाढवलेली. त्याने फक्त बोलून सांगायचे आणि दुसऱ्याने काढायचे. बाकीच्यांनी ‘असा’, ‘इथे’, ‘तिकडे’ हे शब्द किती वेळा आले ते मोजायचे. मग बिंदूंना अ, ब, क अशी नावे देऊन तीच आकृती पुन्हा सांगायला लावा. भूमितीत बिंदूंना नावे का देतात, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शाळेत संगणक असेल तर एन.व्ही.डी.ए. घालून घ्या, पडदा बंद करा आणि दहा मिनिटे फक्त कळफलकावर काम करून पाहा. आपलीच एखादी प्रश्नपत्रिका ऐका. ती फोटो किंवा जुन्या फाँटमध्ये असेल तर काय होते ते लगेच कळेल. बहुतेक फोनमध्येही असा बोलणारा वाचक आधीच असतो. पण तो सुरू करण्यापूर्वी बंद कसा करायचा ते वाचून ठेवा, कारण तो चालू झाल्यावर पडद्याला स्पर्श करण्याची रीतच बदलते.

आणि एक दिवस फळ्यावर शिकवताना स्वतःचे बोलणे ऐका. “हे इथून उचलले, इकडे आणले, म्हणून याचे चिन्ह बदलले,” असे आपण म्हणतो. त्याऐवजी “उजव्या बाजूचे पाच डाव्या बाजूला नेले, म्हणून अधिक पाचचे उणे पाच झाले,” असे म्हणायला दोन-चार शब्द जास्त लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे अंध विद्यार्थ्याला आपल्याच शाळेत इतरांबरोबर शिकण्याचा अधिकार आहे. तो आपल्या वर्गात येईल तेव्हा हे दोन-चार शब्द त्याला लागतील. तोपर्यंत ते मागच्या बाकावरच्या, चष्म्याचा नंबर वाढलेला असूनही घरी न सांगितलेल्या मुलाच्या उपयोगी पडतील.

आचऱ्याहून परतल्यावर आमच्या प्रयोगशाळेत एक बदल झाला आहे. आता चर्चेत कोणी पडद्याकडे हात करून “इथे बघा” म्हणाले की खोलीतून कोणीतरी हमखास विचारते, “हंय म्हणजे खंय?” पुष्कळदा तो प्रश्न डोळस माणसाचाच असतो, कारण नेमके कुठे बघायचे हे त्यालाही कळलेले नसते.